शिळाप्रेसपासून व्हॉट्सॲपपर्यंत : बदनामीचा कायदा कुणाचा गळा धरतो?

हिंदुस्थानातल्या पहिल्या वर्तमानपत्राचा गळा आधी टपाल खात्याने आवळला, न्यायालयाची पाळी नंतर आली. जेम्स ऑगस्टस हिक्कीने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात ‘बेंगॉल गॅझेट’ सुरू केले. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, त्याची बायको, कंपनीचे बडे अधिकारी, मिशनरी या सगळ्यांवर हा माणूस तुटून पडत असे. त्यातले बरेचसे लिखाण चावट आणि खासगी स्वरूपाचे होते, हे कबूल करावे लागेल. पण लाचलुचपत आणि कंपनीच्या लढायांचा खर्च यांबद्दलही तो लिहीत होता. नोव्हेंबर १७८० मध्ये हेस्टिंग्जच्या सरकारने हुकूम काढला, की या पत्राचे अंक यापुढे टपालातून जाणार नाहीत.

छापायला मनाई नव्हती. कलकत्त्याबाहेर मद्रास, बनारस, छावण्या आणि वखारींमध्ये बसलेल्या वाचकापर्यंत पोहोचायला मनाई होती. हिक्कीने शहरात अंक वाटायला स्वतःचे हरकारे ठेवले. त्याच सुमारास निघालेल्या प्रतिस्पर्धी ‘इंडिया गॅझेट’ला मात्र टपालाची सवलत मिळाली. पुढच्या वर्षी हेस्टिंग्जने आणि किरनँडर या पाद्र्याने हिक्कीवर बदनामीचे खटले भरले. सर एलायजा इम्पीच्या सुप्रीम कोर्टात तो दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. गंमत अशी, की तुरुंगातूनही पत्र चालूच राहिले. माणूस कैदेत असला तरी छापखाना मोकळा होता. मार्च १७८२ मध्ये सरकारने त्याचे खिळे जप्त केले, तेव्हा कुठे ‘बेंगॉल गॅझेट’ बंद पडले.

सव्वादोन वर्षांच्या या छोट्या कहाणीत पुढची अडीचशे वर्षे दडलेली आहेत असे मला वाटते. अब्रुनुकसानीचा कायदा वाचताना आपण शब्दांकडे पाहतो : काय लिहिले, ते खरे की खोटे, कुणाची अब्रू गेली. राज्यकर्त्याची नजर मात्र यंत्रावर असते. शब्द कुठल्या वाटेने जातो आणि त्या वाटेवर कुठे पाय ठेवला की तो थांबतो, हे त्याला आधी कळते.

मुळात इंग्रजी कायद्यात ‘लायबल’ हा गुन्हा छापखान्याच्या भीतीतूनच मोठा झाला. तोंडी बदनामी ही दोन माणसांमधली दिवाणी भानगड होती. लेखी बदनामी मात्र राजाच्या स्टार चेंबर न्यायालयाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःकडे घेतली. कागद हातोहात फिरतो, त्याने माणसे भडकतात आणि शांतता बिघडते, असे त्यामागचे कारण. शांतता बिघडणे हाच गुन्हा असेल, तर मजकूर खरा असल्याने फरक पडत नाही. उलट खरे असेल तर माणूस जास्त भडकेल! म्हणून जितके सत्य मोठे तितकी बदनामी मोठी, असे उरफाटे तत्त्व इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात १८४३ पर्यंत टिकले. राजद्रोही लिखाण हाही लायबलचाच एक प्रकार धरला जाई. व्यक्तीची अब्रू आणि सरकारची अब्रू एकाच पिशवीत ठेवण्याची सवय तिथूनची आहे.

दगडावरची शाई

आपल्याकडे छापण्याच्या तंत्राचा विषय निघाला की मुसलमानांनी छापखान्याला विरोध केला, म्हणून ते मागे राहिले, हे वाक्य हमखास ऐकू येते. धर्माच्या आधी अक्षराकडे पाहायला हवे. उर्दू-फारसी ज्या नस्तालीक वळणात लिहिली जाते, ते वळण उतरते आहे. अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसतात, जागेनुसार रूप बदलतात. शिशाच्या सुट्या खिळ्यांमध्ये ते बसवायचे तर शेकडो तुकडे लागतात, आणि इतके करून दिसते ते वाचकाच्या डोळ्याला खुपणारे. पिढ्यान्‌पिढ्या सुलेखन पाहिलेल्या माणसाला ते वाचवत नसे.

हा प्रश्न सोडवला बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डरच्या शोधाने. अठराव्या शतकाच्या शेवटी त्याने चुनखडीच्या गुळगुळीत दगडावरून छापण्याची रीत काढली. तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा, वरून छपाईची शाई फिरवायची. पाणी असेल तिथे शाई धरत नाही, लिहिलेल्या जागी धरते. एवढीच त्यातली किमया. ही कला १८२०च्या दशकात हिंदुस्थानात आली. मराठीलाही तिचा हात लागला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग शिळाप्रेसवरचेच होते. पण खरा फायदा झाला उर्दूचा. कातिब लिहील तसेच्या तसे छापले जाऊ लागले.

शिळाप्रेस स्वस्त होता, ही यातली मोठी गोष्ट. खिळ्यांची ओतशाळा नको, पेट्या नकोत, कंपोझिटरांची फौज नको. एक दाबयंत्र, थोडे दगड आणि एक कातिब मिळाला, की गल्लीतल्या घरात वर्तमानपत्र निघे. काम झाले की दगड घासून पुन्हा वापरता येई, म्हणजे कालचा मजकूर शब्दशः पुसला जाई. दिल्ली, आग्रा, लखनऊ, लाहोर भागांत उर्दू पत्रांची जी लाट आली, ती या दगडांवर उभी होती.

त्यातले एक नाव ‘दिल्ली उर्दू अखबार’. मौलवी मुहम्मद बाकर यांनी ते १८३० च्या दशकात काढले. बाजारभाव, कोतवालीतला भ्रष्टाचार, किल्ल्यातल्या बातम्या, गालिब-जौकच्या काळातला दिल्लीचा साहित्यव्यवहार, असे सगळे त्यात येई. मे १८५७ मध्ये मेरठहून शिपाई दिल्लीत आले आणि या पत्राचा सूर पालटला. बाकर उठावाच्या बाजूने उभे राहिले. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही उद्देशून त्यांनी लिहिले. काही आठवड्यांनी पत्राचे नावही बदलले, बादशहाच्या नावावरून ते ‘अखबार-उज-जफर’ झाले. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली तेव्हा बाकर पकडले गेले आणि रीतसर खटला न चालवता त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे चिरंजीव मुहम्मद हुसेन आझाद जीव वाचवून पळाले. पुढे ‘आब-ए-हयात’ लिहून उर्दू साहित्याचा इतिहास उभा करणारे ते हेच.

पत्रकारितेसाठी जीव देणाऱ्या हिंदी संपादकांमध्ये बाकर यांचे नाव अगदी पहिल्या ओळीत यायला हवे. आपल्या मराठी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात मात्र ते क्वचितच भेटते.

त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड कॅनिंगने कायदा केला : परवान्याशिवाय छापखाना ठेवायचा नाही. कलकत्त्यात ‘दूरबीन’ आणि ‘सुलतान-उल-अखबार’ या फारसी पत्रांवर आणि ‘समाचार सुधावर्षण’ या दैनिकावर खटले झाले, कारण त्यांनी दिल्लीचे फर्मान छापले होते. कायदा एका वर्षापुरता होता. सरकारला त्यातून मिळालेला धडा मात्र बराच काळ टिकला. १८६७ मध्ये छापखाने आणि पुस्तके नोंदवण्याचा कायदा आला. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छापखान्याचा पत्ता पाहिजे. आजही मराठी दैनिकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते : मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि पुढे ‘पीआरबी ॲक्टनुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार’. ती ओळ कुणी वाचत नाही. पण वॉरंट घेऊन आलेला शिपाई कुणाच्या दारावर थाप मारणार, हे तीच ओळ सांगते. हा कायदा तब्बल दीडशे वर्षे जगला. २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा आला.

मुंबईतला एक खटला

तंत्रज्ञानाने सत्तेला हत्यार दिले तसे सामान्य माणसालाही दिले, याचे सगळ्यात चांगले उदाहरण मुंबईत घडले. करसनदास मुळजी हे गुजराती सुधारक ‘सत्यप्रकाश’ नावाचे पत्र चालवत. १८६० मध्ये त्यांनी वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर लेख लिहिला. भक्तांच्या बायका-मुलींशी महाराजांचे अनैतिक संबंध असतात, असा थेट आरोप त्यात होता. सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. प्रतिवादी दोघे होते : करसनदास आणि छापखान्याचे पारशी मालक नानाभाई रुस्तमजी. लिहिणारा वाणी, छापणारा पारशी, निकाल देणारे इंग्रज. मुंबई शहर त्या एका खटल्यात मावले आहे.

छापखाना नसता तर हे प्रकरण जातीच्या पंचायतीत संपले असते. तसा प्रयत्नही झाला. महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही, असे भाटिया समाजातल्या मंडळींनी ठरवले, तेव्हा त्यांच्यावरच कटाचा खटला झाला. ज्या गोष्टी घराच्या आत कुजबुजीत होत्या, त्या साक्षीच्या पिंजऱ्यात मोठ्याने बोलल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी, गुजराती, मराठी पत्रांत छापून आल्या. डॉ. भाऊ दाजींनी महाराजांच्या आजारपणाबद्दल साक्ष दिली. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. आरोप खरे असल्याचा करसनदासांचा बचाव मुख्यतः मान्य झाला आणि साडेअकरा हजार रुपये खर्च त्यांना मिळाला. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव होता, हे त्यांचे नशीब.

निकाल देणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी सर जोसेफ आर्नोल्ड यांनीच चार वर्षांनी खोजा समाजाचा प्रसिद्ध आगाखान खटला चालवला. एकाच न्यायाधीशापुढे दोन धर्मसमूहांची अंतर्गत भांडणे आली आणि दोन्हींचा इतिहास त्या निकालपत्रांनी घडवला, हा योगायोग स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जून २०२४ मध्ये याच खटल्यावरचा ‘महाराज’ हा चित्रपट ऑनलाइन प्रदर्शित होणार होता. १८६२ मध्ये न्यायालयात उघडपणे बोललेली गोष्ट दाखवायला गुजरात उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि चित्रपट पाहून काही दिवसांनी ती उठवली.

जीभ, पत्र आणि तार

१ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली. तिचा मसुदा मेकॉलेने पंचवीस वर्षे आधी केला होता. कलम ४९९ मध्ये त्याने इंग्रजी परंपरेला एक मोठा फाटा दिला. बोललेले, लिहिलेले, खुणेने किंवा चित्राने दाखवलेले, सगळे सारखेच. शांतता बिघडली की नाही हे पाहायचे नाही, माणसाच्या अब्रूला धक्का लागला का ते पाहायचे. खरेपणाचा बचाव ठेवला, पण सार्वजनिक हिताची अट घालून. हे तर्काला धरून होते आणि इंग्लंडपेक्षा पुढचे होते. १९३४ मध्ये एका बोलपटामुळे राजकन्या युसुपोव्हाची बदनामी झाली, तेव्हा सिनेमा ही लेखी बदनामी की तोंडी, यावर लंडनच्या न्यायाधीशांना डोके खाजवावे लागले. आपल्याकडे तो प्रश्नच आला नसता. पण या नीटनेटकेपणाची किंमत अशी, की इंग्लंडमध्ये जे चावडीवरचे भांडण राहिले असते, ते आपल्याकडे दोन वर्षांच्या कैदेचा गुन्हा झाले. जीभही कायद्याच्या कक्षेत आली.

मराठी वाचकाला या कलमाची ओळख कोल्हापूर प्रकरणातून आहे. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला आणि वर्षभरातच टिळक-आगरकर अडचणीत आले. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे आणि दिवाण माधवराव बर्वे त्यामागे आहेत, असे दाखवणारी पत्रे त्यांच्या हाती आली, ती त्यांनी छापली. पत्रे बनावट निघाली. माफी मागूनही चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. हेतू स्वच्छ, भावना खरी, कागद खोटा. मोबाइलवर आलेला ‘पुरावा’ पुढे पाठवणाऱ्या आजच्या माणसाची अवस्था याहून फार वेगळी नसते. फरक एवढाच, की टिळक-आगरकरांच्या पाठीशी पुणे-मुंबई उभी राहिली.

तारायंत्राने या कायद्यात एक मजेशीर पेच आणला. १८७४ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात एका दुकानदाराचे प्रकरण आले. दुकानात काम करणाऱ्या मुलीने पैसे चोरले, असा त्याला संशय होता आणि त्याने तिच्या वडिलांना तार केली. वडिलांना कळवणे गैर नव्हते. बंद पाकिटातून कळवले असते तर कायद्याने त्याला संरक्षण दिले असते. पण तार म्हटली की मधले तारबाबू ती वाचणारच. न्यायालयाने सांगितले, की पत्राने भागत असताना तार करणे म्हणजे बदनामी प्रसिद्ध करणेच. मजकूर तोच, पाठवणारा तोच, घेणारा तोच. वाहन बदलले म्हणून गुन्हा झाला.

सरकारसाठी तार वेगळ्याच कामाची ठरली. पूर्वी कलकत्त्याहून लंडनला विचारायचे तर महिने जात. समुद्राखालची केबल १८७० मध्ये मुंबईला पोहोचली. मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा जाचक कायदा आणला. लंडनची संमती तारेने मागवली आणि १४ मार्चला एकाच बैठकीत, कुणी विरोधात उभे राहण्याआधी, कायदा मंजूर झाला. इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. ‘अमृत बाझार पत्रिका’ बंगालीतून एका आठवड्यात पूर्ण इंग्रजी झाली आणि सुटली. पण हा मार्ग ज्याच्याकडे इंग्रजी खिळे आणि इंग्रजी येणारे लोक आहेत त्यालाच मोकळा. लाहोर-लखनऊच्या गल्लीतला शिळाप्रेसवाला कुठे जाणार? कायद्याने त्याच्याकडून अनामत रक्कम मागितली. अपील नाही. रिपनच्या काळात १८८२ मध्ये हा कायदा रद्द झाला. अनामतीची कल्पना मात्र सरकारच्या लक्षात राहिली.

अनामत नावाचा फास

छापखाना स्वस्त झाला की सरकार तो महाग करते. १९१० च्या प्रेस ॲक्टचे सार हेच. नव्या छापखान्याने पाचशे ते दोन हजारांची अनामत भरायची, जुन्याकडून पाच हजारांपर्यंत मागता येणार. मजकूर आक्षेपार्ह वाटला की रक्कम जप्त. त्यानंतर आणखी मोठी अनामत, आणि शेवटी छापखानाच जप्त. यासाठी ज्यूरी नको, साक्षी नकोत, आरोपपत्र नको. सरकारला वाटले एवढे पुरे.

त्याआधी निदान खटला तरी होत असे. १८७० मध्ये दंडसंहितेत राजद्रोहाचे १२४-अ हे कलम घुसवले गेले, तेव्हा वहाबी प्रचाराची भीती हे एक कारण पुढे केले होते, हे फार लोकांना ठाऊक नसते. मुसलमानांना डोळ्यांसमोर ठेवून आणलेल्या या कलमाखाली महाराष्ट्रात टिळक दोनदा तुरुंगात गेले. १९०८ च्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि अलीगढमध्ये ‘उर्दू-ए-मुअल्ला’चे संपादक हसरत मोहानींना त्याच कलमाखाली सक्तमजुरी झाली. इजिप्तमधल्या इंग्रजांच्या धोरणावर कुणीतरी लिहिलेला लेख त्यांनी छापला होता. लेखकाचे नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही, संपादक म्हणून जबाबदारी स्वतःवर घेतली. दंडापायी त्यांचे ग्रंथालय विकले गेले. टिळकांना गुरू मानणारा हा मौलाना तुरुंगात चक्की दळत गझला रचत होता.

१९१० नंतर असे खटले करण्याची गरजच उरली नाही. अबुल कलाम आझादांचा ‘अल-हिलाल’ जुलै १९१२ मध्ये कलकत्त्यात निघाला. शिळाप्रेस सोडून तो तुर्की-अरबी धाटणीच्या खिळ्यांवर, छायाचित्रांसह छापला जाई. उर्दू पत्रकारितेत दिसण्याच्या बाबतीतही ती क्रांती होती. आधी दोन हजारांची अनामत, नंतर दहा हजारांची मागणी, आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये पत्र बंद. लाहोरच्या जफर अली खानांच्या ‘जमीनदार’ची हीच गत झाली.

मौलाना मुहम्मद अली जौहर मात्र न्यायालयात गेले. बाल्कन युद्धातल्या मुसलमानांच्या कत्तलींविषयी युरोपात छापलेली एक पुस्तिका त्यांच्याकडे आली होती, ती सरकारने जप्त केली. १९१३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी जे लिहिले, ते वाचण्यासारखे आहे. हे जेन्किन्स त्याआधी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती होते. या कायद्याची भाषा इतकी पसरट आहे, की कौतुकास्पद लिखाणही तिच्यात अडकू शकते, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. आणि तरीही अर्ज फेटाळला, कारण कायद्याने न्यायालयाचे हातच बांधले होते. न्यायाधीश मनाने तुमच्या बाजूचा असूनही तुम्ही हरता, असा हा कायदा होता.

स्वातंत्र्यानंतर अनामत गेली. पण कागद आणि वीज सरकारच्या हातात राहिली. पुण्याच्या ‘सकाळ’ने किती पानांचा अंक किती पैशांना विकावा, हे सरकार ठरवू पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा रद्द केला. पान कमी करणे म्हणजे मत कमी करणे, हे त्या न्यायाधीशांना कळले होते. आणीबाणीच्या रात्री, २५ जून १९७५ रोजी, सेन्सॉरचे अधिकारी कामाला बसण्याआधीच दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या रस्त्यावरची वीज गेली आणि यंत्रे थांबली. त्या रस्त्याचे नाव बहादूरशाह जफर मार्ग.

टेलिफोन बाईंचा कायदा

१८ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेमुळे मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. त्यातली एक मुसलमान. तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पोस्टमध्ये कुणाला शिवी नव्हती. लाइक करणे हा गुन्हा कसा, याचे उत्तर पोलिसांकडे नव्हते, पण कलम होते : माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ. त्रासदायक, गैरसोयीचा किंवा आक्षेपार्ह संदेश पाठवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद.

हे शब्द आले कुठून? २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले, तेव्हा त्याची वंशावळही सांगितली. १९३५ मध्ये ब्रिटिश पोस्ट ऑफिस कायद्यात एक दुरुस्ती झाली होती. टेलिफोनवरून अर्वाच्य बोलून लोकांना, विशेषतः एक्स्चेंजमध्ये बसून फोन जोडून देणाऱ्या मुलींना, सतावणाऱ्यांना आळा घालण्यासाठी. तिथे एक माणूस दुसऱ्याच्या कानात बोलतो. ऐकणाऱ्याला निवड नसते. ती भाषा जवळजवळ तशीच उचलून आपण अशा माध्यमावर लावली, जिथे माणूस चारचौघांत बोलतो आणि ज्याला नको तो पुढे सरकतो. एका यंत्रासाठी शिवलेला कायदा दुसऱ्या यंत्राला घातला, आणि तो तंग झाला तो बोलणाऱ्याच्या गळ्याशी.

कलम रद्द झाल्यावरही देशभर पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की मेलेले कलम वापरू नका. दरम्यान २०१६ मध्ये न्यायालयाने फौजदारी बदनामी मात्र घटनात्मक ठरवली. मेकॉलेचे ४९९ आता भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने राहते, शिक्षेत समाजसेवेचा पर्याय वाढला आहे. इंग्लंडने स्वतःची फौजदारी बदनामी २००९ च्या कायद्याने काढून टाकली. ती आपण जपून ठेवली आहे.

मुद्रक कोण, हा १८६७ चा प्रश्न आता व्हॉट्सॲपवर आला. गटातल्या एका सदस्याने वाईट मजकूर टाकला तर गट चालवणारा दोषी का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले, की समान हेतू किंवा संगनमत दिसत नसेल तर नाही. ॲडमिनला सदस्य घेता येतो, काढता येतो, पण कोण काय टाकेल हे आधी अडवता येत नाही. निकाल शहाणपणाचा आहे. तो किती ठाणेदारांपर्यंत पोहोचला हा भाग वेगळा. मोहल्ल्यातल्या, कॉलेजातल्या किती तरुण ॲडमिननी ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे बटण कायमचे दाबून ठेवले आहे, ते पाहिले की अनामत भरून गप्प बसलेले शिळाप्रेसवाले आठवतात.

राहता राहिली तार. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. शेवटची तार पाठवायला लोक रांगेत उभे होते, वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले. पण १८८५ चा टेलिग्राफ ॲक्ट जिवंत होता. त्याच्याच आधारे २०१७ मध्ये इंटरनेट बंद करण्याचे नियम केले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट दोन्ही बंद झाले. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या पत्रावर बंदी नव्हती, कुठल्या लेखावर खटला नव्हता. बातमी यायला आणि जायला वाट नव्हती, म्हणून श्रीनगरची आवृत्ती निघत नव्हती. १० जानेवारी २०२० च्या निकालाने बेमुदत बंदी अमान्य केली आणि बंदीचे आदेश जाहीर करायला सांगितले. बंदी लगेच उठवा, असे म्हटले नाही. चौथ्या पिढीचे इंटरनेट खोऱ्यात परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. १८८५ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सेवा थांबवण्याचा तोच अधिकार कायम आहे.

त्या महिन्यांत श्रीनगरमध्ये सरकारने पत्रकारांसाठी एक माध्यम केंद्र उघडले होते. तिथे मोजके संगणक होते. बातमीदार नाव लिहून रांगेत थांबत, पाळी आली की मजकूर पाठवून उठत, कारण मागे आणखी माणसे उभी असत.